झाडांसकट, आत्यासकट

सौदीतल्या दम्मामवर पहिलं क्षेपणास्त्र आलं त्या आठवड्यात दीनानाथ गर्ग्यांनी फ्रान्समध्ये घर घ्यायचं ठरवलं. ते फ्रान्सला कधी गेले नव्हते. जायची विशेष घाईही नव्हती. घर तिथे असावं, एवढंच म्हणणं.

याचं मूळ कुवेतमध्ये होतं. त्यांचा शाळासोबती उदय ऑगस्टमध्ये इराकी फौजा घुसल्यावर तिथला चौदा वर्षांचा संसार सोडून एका बॅगेनिशी पळाला आणि अम्मानला पोचून बॅग उघडली, तर ती शेजाऱ्याची निघाली. आत दोन बॅडमिंटन रॅकेट आणि एक झुंबर. उदयचं पत्र वाचल्यापासून दीनानाथांना एकच गोष्ट हवी होती : जिथून आपल्याला कोणी 'खलास, निघा' म्हणू शकणार नाही, अशी एक जागा. राहण्याच्या परवान्याचा इकामा नको, आपली हमी घेणारा कफील नको.

"मग नाशिक काय वाईट आहे?" वीणाताईंनी विचारलं.

"नाशिकला उंबऱ्यातच तिघे भाऊ विचारतात, परत कधी जाणार?"

हे वीणाताईंना पटलं. त्या स्वतःही नाशिकच्याच होत्या.

घर होतं पास्कलच्या गावी, लिमोजच्या पुढे. पास्कल म्हणजे दीनानाथांच्या प्लँटमधला फ्रेंच इंजिनियर. त्याने फोटो दाखवले आणि दीनानाथ खलास झाले. जाड दगडी भिंती, निळी दारं, एक धान्याचं कोठार, डुकरांचा गोठा, पाव भाजायच्या भट्टीची वेगळी कौलारू खोली, विहीर, आणि मागे बारा एकर रान. ओक, चेस्टनट आणि खाली गुडघाभर नेचे. ज्या माणसाने दम्माममध्ये सोळा वर्षं खिडकीतून पाण्याची टाकी पाहिली, त्याच्या हाती एवढी झाडं एकदम देऊ नयेत. किंमतही नाशिकच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकएवढीच.

दीनानाथांनी लगेच आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. कोठारात वाचनालय. डुकरांच्या गोठ्यात वीणाताईंच्या माहेरच्यांची सोय. वीणाताईंनी तो कागद शांतपणे वाचला, माहेर खोडलं आणि तिथे तिन्ही दिरांची नावं लिहिली.

नकाशाचं काम बाथरूममध्ये चाले. सायरन झाला की सगळे तिथे बसत, दाराच्या फटींना चिकटपट्ट्या, खाली ओला टॉवेल. कंपनीने विषारी वायूचा मुखवटा दिला होता, पण फक्त कर्मचाऱ्याला. घरात माणसं तीन, मुखवटा एक. वीणाताईंनी पहिल्याच दिवशी तो खिळ्याला टांगून ठेवला. "एकाने घालून बाकीच्यांकडे बघत बसायचं, हे बरं दिसत नाही," त्या म्हणाल्या. विषय संपला.

मग एका संध्याकाळी पास्कलने तिघांना घरी बोलावलं. परवा तो गाडीने जेद्दाला आणि तिथून मायदेशी निघणार होता. कॉफी झाल्यावर तो म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. घरात आत्या आहे."

"म्हणजे?"

"राहते. ब्याऐंशी वर्षांची. घर तिच्याच नावावर आहे. मरेपर्यंत तिथेच राहणार, या अटीवर विकतेय. आधीची तीन गिऱ्हाइकं पळाली. एकाने वृद्धाश्रमाचं नाव काढलं, त्याला तिने छत्री घेऊन रस्त्यापर्यंत पोचवला. आज फोनवर बोलून ती ठरवणार."

दहा वर्षांची रेवा म्हणाली, "बाबा, डझ शी कम विथ द हाउस? लाइक अ फ्रिज?"

फोन लागला. आत्यांचं नाव मादाम ओदेत. त्या फ्रेंचमध्ये विचारत, पास्कल इंग्रजीत सांगे, दीनानाथ वीणाताईंना मराठीत. रानाचं काय करणार, असा प्रश्न आला. दीनानाथांनी ठिबक सिंचन, पंपाची क्षमता आणि पाइपचे व्यास सांगितले.

"ती म्हणतेय," पास्कल ओशाळून म्हणाला, "फोन बायकोला द्या."

वीणाताईंनी फोन कानाला लावला आणि सायरन झाला.

पास्कल मुखवट्यासकट जेवणाच्या टेबलाखाली गेला. दीनानाथांनी रेवाला उचलून बाथरूम गाठलं. "अगं, चल ना!"

"अहो, त्या बाई फोनवर एकट्या आहेत. अशा कशा ठेवू?"

आणि त्यांनी अख्खा फोनच उचलून बाथरूममध्ये आणला. वायर दाराखालून आली, त्यामुळे दार नीट लागेना. म्हणजे विषारी वायूला यायला वाट मोकळी आणि मध्ये एक ओला टॉवेल. वीणाताई बादली उपडी करून बसल्या आणि म्हणाल्या, "हं, बोला. जेवलात का?"

मराठीत. पलीकडून फ्रेंचमध्ये उत्तर आलं. वीणाताई म्हणाल्या, "हो ना." मग त्यांनी डाळ-तांदूळ किती भरून ठेवलाय ते सांगितलं. पलीकडून लांबलचक काहीतरी आलं. "आमच्याकडेही तसंच," वीणाताई म्हणाल्या. आकाशात मोठा धडाका झाला, आरसा थरथरला, दीनानाथांनी रेवाचे कान झाकले. वीणाताई फोनमध्ये म्हणाल्या, "काही नाही, काही नाही. इथे आहे मी."

वीस मिनिटांनी सगळं शांत झाल्याचा भोंगा वाजला. पास्कलने टेबलाखालून येऊन फोन घेतला, ऐकला, आणि तोंडाचा आ वासला.

"घर दिलं. मादामना. मुस्यूंनीही यायला हरकत नाही, म्हणाली."

"पण का?"

"म्हणाली, असल्या आवाजात जिने फोन ठेवला नाही, ती मला बाहेर ठेवणार नाही."

घरी जाताना दीनानाथांनी विचारलं, "तू सांगितलंस तरी काय?"

"घर तुमचंच, म्हटलं. आम्ही भट्टीच्या खोलीत राहू."

"अगं, मराठीत?"

"त्यात न कळण्यासारखं काय आहे? तुम्हाला हवंय तेच त्यांनाही हवंय. कोणी निघा म्हणू नये."

दीनानाथ गाडी चालवत राहिले. पंचवीस वर्षं झाली तरी या बाईचा अंदाज आपल्याला येत नाही, या विचाराने त्यांना फार बरं वाटलं.

युद्ध संपलं. मे महिन्यात कागद झाले. जुलैत दीनानाथ खरेदीखत घेऊन फ्रान्सच्या व्हिसाच्या खिडकीशी उभे राहिले.

"कोणाकडे उतरणार?"

"माझ्या घरी."

"तिथे राहतं कोण?"

"मादाम ओदेत."

"मग त्यांचं हमीपत्र आणा. गावच्या कचेरीचा शिक्का हवा."

पत्र महिन्याने आलं. मादाम ओदेत या तिघांना आपल्या छताखाली ठेवून घ्यायला तयार असून त्यांची जबाबदारी घेत आहेत, असं त्यात होतं. दीनानाथांनी ते दोनदा वाचलं.

"वीणा, मी कफील नको म्हणून घर घेतलं ना?"

"हो."

"ही कफीलच झाली की. माझ्याच घरात!"

"छत्रीवाली आहे," वीणाताई म्हणाल्या. "जपून राहा. आणि ते 'मुक्काम' बघितलंत का?"

मुक्कामाच्या रकान्यात आत्यांनी लिहिलं होतं : त्यांना वाटेल तोवर. ते खोडून कचेरीतल्या कोणीतरी नव्वद दिवस केलं होतं. आणि नव्वद दिवस खोडून वर आत्यांनी पुन्हा तेच लिहिलं होतं, इतकं दाबून, की कागद फाटला होता.

दीनानाथांनी आलेखाचा कागद काढला आणि वाचनालय खोडून तिथे आत्यांचं नाव लिहिलं. मग विचार करून तेही खोडलं. घर त्यांचं होतं, त्या हव्या तिथे बसतील.