सोनमचा जांभळा स्कार्फ

मी सोनमचा जांभळा स्कार्फ बोलतोय. आमच्याकडं बायका स्कूटरवर बसल्या, की डोळे सोडून सगळं तोंड बांधून घेतात. उसाच्या ट्रॉलीमागची धूळ आणि ओळखीच्यांच्या चौकशा, दोन्ही माझ्या बाहेरच राहतात.

सोनमच्या सासूबाईंनी, विजयमालाबाईंनी, आम्हाला घाऊक आणलं. सगळे एकाच रंगाचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माळेगावातल्या बायकांना वाण म्हणून वाटलं. उरलेला मी सुनेला मिळालो.

सोनम रोज स्कूटरवरून बारामतीला एका दवाखान्यात नोकरीला जायची. एका रविवारी नवरा, दीपक, तिला सिनेमाला घेऊन गेला. मी तिच्या मांडीवर होतो. पडद्यावर एक खून, दोन प्रेमं आणि शंभर घोटाळे. बायकोवर संशय घेऊन नायक लाल कोटामागं धावतो आणि भलत्याच बाईला पकडतो. दीपकनं शिट्टी मारली. शेवटी मिठी, सगळं माफ.

पुढच्याच आठवड्यात त्याचा मित्र कुंडलिक आला.

"दीपकराव, काल दुपारी वैनी टॉकीजला दिसल्या. शेजारी कोन हुतं, पावनं का?"

"तोंड बघितलंस?"

"तोंड कसं दिसंल? जांभळा स्कार्फ हुता की."

दीपकनं स्कूटरची किल्ली खिशात टाकली. "उद्यापासनं घरी बसायचं."

"अहो, दवाखान्यात इचारा ना, काल मी कुठं हुते ते."

"तितली मानसं तुजीच."

सोनम रडली नाही. तिनं मला खुंटीला टांगलं. दवाखान्याचे फोन वाजत राहिले, दीपक उचलू देईना. मग तेही बंद झाले.

लेकीकडं अंथुर्ण्याला गेलेल्या विजयमालाबाई परतल्या. ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "आरं येड्या, निम्म्या गावाला मीच वाटल्यात तसलं स्कार्फ!"

दीपक हसला. तिथंच बसलेला कुंडलिक तर मांडी थोपटून हसला. "आयला, पिच्चरच झाला की!"

दीपकनं किल्ली पुढं केली. "जा उद्या कामाला. झालं समाधान?"

"कुठं जाऊ? माज्या जागी दुसरी लावली त्यांनी," सोनम म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

मग कुंडलिकनं चहा मागितला. तो सोनमनंच केला.

मी अजून खुंटीवरच आहे. राग यायला हवा, पण येत नाही. कापडाची साक्ष दीपकनं लगेच खरी मानली; बाईची साक्ष मात्र त्यानं ऐकलीच नाही.

सिनेमावाल्यांनो, संशयावर खुशाल हसवा. फक्त मिठीनंतर एक सीन वाढवा: दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई उठते, कामावर न्यायचा डबा भरायला जाते आणि मध्येच थांबते.