पिल्लाची झोप

धाकट्याने प्राण्यांच्या दुकानातून कुत्र्याचं पिल्लू आणलं, वडिलांच्या मांडीवर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तो नोकरीच्या गावी निघून गेला. आई जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला लहानपणापासून जमायचं. आप्पांना सोबत होईल, तू फक्त अधूनमधून डोकावत जा, असं त्याने थोरल्या बहिणीला फोनवर सांगितलं. लक्ष ठेवायला एक कमी होतं म्हणून त्याने दुसरं आणून दिलं होतं.

थोरली शनिवारी डोकावली तेव्हा पिल्लू फरशीवर पोट टेकून पडलं होतं. आठ दिवसांपूर्वी त्याचं पोट नगाऱ्यासारखं होतं. आता बरगड्या मोजता येत होत्या. चार दिवस जुलाब होत होते. तिने आप्पांना विचारलं, मला का नाही कळवलंत? आप्पा म्हणाले, तुला कळवून काय होतं?

दोन महिने दोघं असंच बोलत होती. वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य असायचं आणि ते कोणीच बाहेर काढत नव्हतं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पिल्लाला तपासलं. ताप नव्हता, शी तपासली तर जंत नव्हते, लसही वेळेवर झाली होती. मग त्यांनी खाण्यापिण्याचं विचारलं तेव्हा आप्पांनी पिशवीतून वही काढून पुढे सरकवली.

आप्पांनी एकतीस वर्षं कापडाच्या गिरणीत बॉयलर सांभाळला होता. दर अर्ध्या तासाला वाफेचा दाब बघायचा, पाण्याची पातळी बघायची, नोंद करायची, सही ठोकायची. त्यांच्या पाळीत बॉयलर एकदाही रुसला नाही, आणि ह्याचं श्रेय ते त्या अर्ध्या तासाला देत. पिल्लाचीही तशीच वही होती. दहा वाजता जागं केलं, डोळे उघडले. साडेदहाला जागं केलं, शेपूट हलवली. अकराला जागं केलं, दोन चमचे दूध पाजलं. पानामागून पानं, रात्रीचीसुद्धा, आणि प्रत्येक ओळीपुढे सही.

डॉक्टरीणबाईंनी चार पानं उलटली आणि चष्मा काढला.

"आजोबा, ह्याला रोग नाही. ह्याला झोप नाही."

त्यांनी समजावून सांगितलं. एवढं पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं आणि त्या झोपेतच वाढतं. दूध बंद करा, त्यानेच जुलाब होतायत, दुकानात जे खात होतं तेच दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या, शांत कोपरा द्या आणि स्वतःहून उठेपर्यंत हात लावू नका. हे असंच चाललं तर दोन दिवसांत सलाईन लावावं लागेल, आणि एवढ्याशा जिवाचं तेव्हा काही सांगता येत नाही.

आप्पांनी वही पिशवीत टाकली. परतताना ते मुलीच्या दोन पावलं पुढे चालत राहिले.

घरी आल्यावर थोरलीने मधल्या खोलीत पलंगाखाली जुनी चादर अंथरली, पिल्लाला आत ठेवलं आणि दार ओढून स्वतः उंबऱ्यात बसली. पावणेदोन वाजले होते. सव्वादोनला आप्पा आले.

"बाजूला हो."

"डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंत."

"झोपू द्या म्हणणाऱ्यांचं मी एकदा ऐकलंय," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्या दिवशीही तूच बसली होतीस. मी अडीचला आलो तर तू ओठांवर बोट ठेवलंस. आत्ताच डोळा लागलाय म्हणालीस. मी मुकाट्याने मागे फिरलो. तीनला आलो तेव्हा हात गार होता."

ते पोटातलं वाक्य शेवटी बाहेर आलं होतं. थोरलीला वाटलं होतं, ते आलं की आपण रडू. तिला राग आला.

"उठवलं असतं तर राहिली असती?"

"ते तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही. म्हणून तर म्हणतो."

"तीन रात्री ती कळवळत होती, आप्पा. तेवढा अर्धा तास तिला मिळाला. मी पुन्हाही तेच करीन."

आप्पांनी दाराच्या कडीकडे हात नेला. तिने त्यांचं मनगट धरलं. आईला नेलं त्या दिवसानंतर ती त्यांना पहिल्यांदाच हात लावत होती. मनगट अजून गिरणीतल्यासारखंच टणक होतं. त्यांनी ठरवलं असतं तर तिला सहज बाजूला केलं असतं.

आतून कुईं असा आवाज आला. आप्पांचा सगळा जीव कानात गोळा झाला. थोरलीने दार बोटभर उघडून त्यांना दाखवलं: पिल्लू झोपेतच पाय झाडत होतं, पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. आप्पा बराच वेळ त्या फटीतून पाहत राहिले. मग स्टूल आणून तिच्या समोर, वाट अडवून बसले. वाट कोण कोणाची अडवतंय हे तिसऱ्या माणसाला सांगता आलं नसतं. अडीच वाजले, तीन वाजले. आप्पा घड्याळाकडे बघायचे आणि गुडघे घट्ट धरायचे. साडेतीनला त्यांच्या कपाळावर घाम होता.

चार वाजून गेल्यावर पिल्लू आपणहून आलं. त्याने दाराच्या फटीत नाक खुपसलं, बाहेर येऊन अंग ताणलं, थोरलीच्या पायाशी ऐसपैस मुतलं आणि वाटीकडे गेलं. वाटीतलं सगळं संपवून त्याने वाटी फरशीवर ढकलत भिंतीपर्यंत नेली.

थोरली फडकं घेऊन पुसायला बसली.

"त्याने खाल्लं म्हणून तू सुटलीस असं समजू नकोस," आप्पा म्हणाले.

"नाही समजत."

तिने फडकं पिळलं आणि चपला घातल्या. आप्पा पिल्लाकडे पाहत स्टुलावरच बसले होते. ती दाराबाहेर पडली तेव्हा मागून आवाज आला.

"कुठे निघालीस? ते पुन्हा झोपेल आता. मला धरायला कोण आहे इथे?"