चालणारे ओरखडे

अभिप्रायपत्रावर पाच चेहरे छापले होते. पहिला रडका, शेवटचा दात दाखवणारा, आणि मधले तीन उत्साहाच्या चढत्या क्रमाने. प्रेक्षकाने आपल्या मनःस्थितीशी जुळणाऱ्या चेहऱ्याभोवती गोल करायचा, खाली तीन ओळींत काही लिहायचे असल्यास लिहायचे, आणि बाहेर चहा घ्यायचा. जुने चित्रपट जतन करणाऱ्या संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमाला हेच पत्र वाटले जाते. त्याच पत्रावर रविवारी दुपारी चार वाजता सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या एका मूक विनोदी चित्रपटाचा निकाल लागणार होता.

चित्रपटाचे नाव ‘पाहुणा’. लांबी नऊ मिनिटे. तो करणारे आनंदराव मूळचे भिवापूरचे, सीताबर्डीवरच्या एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करत. म्हणजे काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिल आणि सुई चालवून गिऱ्हाइकाचे देवीचे व्रण बुजवणे, विरळ मिशी दाट करणे. स्टुडिओच्या मालकाकडून हाताने फिरवायचा कॅमेरा मागून आणून त्यांनी ताराचंद नावाच्या आपल्या धिप्पाड मित्राला जेवायला बसवले. पानात एक मिरची. ती मिरची खरी नव्हती, चित्रातली होती. आणि ती उठून चालू लागत असे. हाडामांसाचा माणूस आणि रेघांची मिरची एकाच पडद्यावर, एकमेकांच्या अंगाला झोंबत.

हे सारे मला कांताबाईंनी सांगितले. कांताबाई म्हणजे आनंदरावांची मुलगी, वय पंच्याऐंशी. लहानपणी घरातल्या भिंतीवर धोतर ताणून वडील दिवाळीला हा चित्रपट लावत. मग यंत्र विकले गेले आणि फितीचा डबा ट्रंकेत गेला. जगात या चित्रपटाची दुसरी प्रत नाही, आणि तो पाहिलेले दुसरे माणूसही आता नाही.

“ते मिरची उठते ना, तर पयले ताराचंदकाकाले सलाम करते,” कांताबाई म्हणाल्या होत्या. “काकाबी करते सलाम. मंग घास घेते तर हे मिशीवर चढून बसली! अन् शेवटी काय होते सांगू? मिरची जेवते पानावर बसून, अन् काका हात जोडून म्हणते, बाई वं, मले पण वाढ.”

एवढे बोलून त्या इतक्या हसल्या की नात रोशनीने पाणी आणून दिले. डबा मात्र त्यांनी लगेच सोडला नाही. मांडीवर धरून बसल्या.

“न्या सर. पण मले मराच्या आधी एक डाव ते मिरची चालताना दाखवजा.”

मी शब्द दिला. हा शब्द देणारा माणूस मूकपटांवर तीन ग्रंथ लिहून निवृत्त झालेला प्राध्यापक आहे, हे नोंदवून ठेवतो; पुढच्या घटनांशी त्याचा संबंध आहे.

फीत आकसलेली होती. छिद्रे कोणत्याही यंत्रात बसत नव्हती, आणि उलगडायला गेले की कड तुटत होती. भिंगाखाली मी जेमतेम पहिली दोन हात लांबी पाहू शकलो. तिच्यात ताराचंद हात धुऊन पाटावर बसत होते. मिरची त्यानंतर येणार होती. पुढच्या वेटोळ्यांवर पांढऱ्या रेघा दिसत होत्या. जुन्या फितीवर असायच्याच.

मिरची काढली कशी, हे मी कांताबाईंना रीतसर विचारले होते. मुलाखतीच्या प्रतीत त्यांचे उत्तर असे आहे: “आई सांगे, सुईनं काढे ना बाबा. खिडकीत बसून. एवढीशी तर फीत, त्याच्यावर सुईनं. दोन हिवाळे तेच करून राहिले होते. डोळे लाल होऊन जाये.”

याच मुलाखतीवर मी नंतर लेख प्रसिद्ध केला. त्यातली एकोणिसावी तळटीप मला तोंडपाठ आहे. “माहितीदात्रीच्या स्मृतीत शिवणकाम व चित्रकाम यांची सरमिसळ झालेली दिसते. तत्कालीन प्रघातानुसार कागदावरील चित्रांचे क्रमाक्रमाने छायाचित्रण केले असावे.” प्रघात मी पाच भाषांतल्या पुस्तकांत वाचला होता. ज्याने आयुष्यभर सुईने मिशा काढल्या, तो मिरची कशाने काढील, एवढा एक प्रश्न त्या पाच भाषांत मला सुचला नाही.

मग संस्थेचा अर्ज. सातव्या रकान्यात तीन पर्याय होते: ओरखडे काढू नयेत, अंशतः काढावेत, पूर्ण काढावेत. आपल्याकडच्या संस्थांच्या अर्धवट कामाचा मला तीस वर्षांचा अनुभव आहे आणि त्यावर मी ठिकठिकाणी पुरेसे विखारी लिहिलेही आहे. म्हणून मी तिसऱ्या पर्यायावर खूण केली, आणि तेवढ्याने समाधान न होऊन समासात लिहिले: “अपवाद न ठेवता.” दुसऱ्या कागदावर, चित्रण संगणकात उतरल्यावर ज्वालाग्राही मूळ फीत नष्ट करण्यास संमती होती. तिथेही सही केली. सही मराठीत आणि सुवाच्य आहे.

रविवारी रोशनी कांताबाईंना भिवापूरहून गाडीने घेऊन आली. त्यांनी नवे लुगडे नेसले होते आणि मोतीबिंदू काढल्यानंतरचा चष्मा पदराने पुन्हा पुन्हा पुसत होत्या. पहिल्या रांगेत मधोमध त्यांना बसवले. मी शेजारी; साफ झालेला चित्रपट मीही आजच पहिल्यांदा पाहणार होतो.

“सुरू झालं का जी?”

“होईल आता.”

सभागृह भरलेले होते. नागपुरात फुकट थंड हवेत बसायला मिळाले तर मूकपटालाही माणसे येतात, हे मी उपहासाने म्हणत नाही. मेमध्ये मीही आलो असतो.

दिवे गेले. ताराचंद हात धुऊन पाटावर बसले. पडदा असा स्वच्छ, की शंभर वर्षांपूर्वीच्या भिंतीवरचा पोपडा न् पोपडा दिसावा. सभागृहातून कौतुकाचा हुंकार आला. मलाही, खोटे कशाला सांगू, धन्य वाटले. ताराचंदांनी पानाकडे पाहिले. दचकले. मग त्यांनी उजवा हात कपाळाला लावून रिकाम्या पानाला सलाम केला.

कांताबाई खळखळून हसल्या.

दुसरे कोणी हसले नाही. ताराचंद आता आपल्या दंडाकडे भयाने पाहत होते, दंडावर काही नव्हते. त्यांनी स्वतःच्या खांद्यावर चापट मारली, मग गालावर. घास तोंडाशी नेला आणि मिशीपाशी अडला. डोळे वर फिरले. त्यांच्या वरच्या ओठावर मी काय शोधत होतो ते मला माहीत होते, आणि ते तिथे नव्हते. शेजारी कांताबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, बरोबर त्या त्या जागी, क्षणभरही न चुकता. मागून एक बाई पुढे झुकून हळूच म्हणाली, “आजी, जरा शांत. सीरियस आहे हे.”

मी उठलो आणि मागच्या केबिनमध्ये गेलो. तिथे अमोल बसला होता. चित्रपट साफ करण्याचे काम याच तंत्रज्ञाने केले होते. तिशीतला, नम्र, कामात चोख.

“अमोल, मिरची कुठे आहे?”

“कोणती मिरची, सर?”

“पानावर. मिशीवर. पांढऱ्या रेघांची.”

तो थोडा विचारात पडला आणि मग त्याचा चेहरा उजळला. “ते ओरखडे म्हणता का? अहो सर, काय सांगू, लय जिद्दी होते! सॉफ्टवेअरले तर ऐकूनच नाही राहिले. साधा ओरखडा एका जागी राहते नाही तर सरळ खाली जाते. हे चालत होते. पाय असल्यासारखे. तीन वेळा मशीन फिरवली, तरी उरले. मंग मी एकएक फ्रेम हातानं घेतली. अकरा दिवस लागले. तुमी लिहून दिलं होतं ना, अपवाद न ठेवता. एक नाही ठेवला.”

“काढण्यापूर्वीची फाइल?”

“ते डिलीट होते सर, महिन्याभरात. जागा फार खाते.”

“फीत?”

“फेब्रुवारीतच जाळली ना. कळमन्याकडं मोकळ्या जागेत, फायरवाल्यांसमोर. तुमची सही आहे.” मग त्याने काळजीने विचारले, “काहून सर? एखादा राहिला का?”

आयुष्यभर मी चुकार माणसांवर संतापत आलो. त्या दिवशी माझ्यासमोर एक असा माणूस बसला होता ज्याने माझी सूचना अक्षरशः पाळली होती, आणि त्याच्यावर संतापायला मला कुठेही जागा मिळेना. नाही, एकही राहिला नाही, असे मी म्हणालो.

परतलो तेव्हा शेवटचे दृश्य चालू होते. उपाशी ताराचंद रिकाम्या जागेपुढे हात जोडून याचना करत होते. पडदा काळा झाला. मग टाळ्या. दीर्घ, उभ्याने वाजवलेल्या. एवढे यश माझ्या कोणत्याही शोधाला लाभलेले नाही.

चर्चेचे सूत्रसंचालन वैभवी या महाविद्यालयीन प्राध्यापिकेकडे होते. त्यांचे डोळे ओले होते. “भुकेचं इतकं निर्भय चित्रण,” त्या म्हणाल्या, “आणि विनोदी म्हणून नोंद झालेली! केवढी आपली असंवेदनशीलता.” कामिनी नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी भ्रमाच्या विकाराची लक्षणे ओळीने मोजून दाखवली, अभिनेत्याने ती कोठून मिळवली असतील, याचे त्यांना कुतूहल होते. बेसाहून आलेले मुकुंदराव, सेवानिवृत्त अभियंता, माईक सोडता सोडेनात. “मी तर म्हणतो, ते रिकामं पान म्हणजे आजचा माणूस. सगळं आहे, पण काही नाही.”

मी हात वर करून माईक घेतला. उभा राहून, माझ्या सवयीच्या बांधीव वाक्यांत, सांगितले की हा प्रहसनपट आहे. यात एक चित्रातली मिरची होती. ती फितीवर सुईने कोरलेली होती. ती माझ्या लेखी सूचनेवरून पुसली गेली. आपण सर्वांनी आत्ता एका पुसलेल्या गोष्टीला टाळ्या वाजवल्या.

सभागृह विचारमग्न झाले.

“वा,” मुकुंदराव म्हणाले. “म्हणजे नायिका अनुपस्थित आहे. सर, तुमचं हे विवेचन लेखात यायला हवं.”

“हे विवेचन नाही. ही घटना आहे.”

“तेच तर!” वैभवी म्हणाल्या, आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

मी बसलो. दोष त्यांचा नव्हता. कोणत्याही रिकाम्या जागेत अर्थ ओतायचा, ही विद्या मीच तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवली. वैभवी माझी विद्यार्थिनी आहे.

लोक चहाला बाहेर गेले. रोशनी चर्चा सुरू होण्यापूर्वीच लांब लावलेली गाडी दाराशी आणायला गेली होती. कांताबाई जागेवरच होत्या, हातात अभिप्रायपत्र. माझे बोलणे त्यांनी ऐकले होते का, याची मला धास्ती होती. पण माईकवरचे त्यांना समजत नाही, हे मी विसरलो होतो. त्यांनी मला जवळ बोलावले.

“सर, एक विचारू? रोशनीले नोका सांगू.”

“विचारा.”

“मले मिरची नाही दिसली.” त्यांनी चष्मा काढला आणि हातात धरला. “ऑपरेशनच्या टायमाले डॉक्टर म्हणे, बारीक सारं दिसन. नाही दिसलं ना. ताराचंदकाका दिसले, पान दिसलं. रेघ काही दिसून नाही राहिली. सगळे तर पाहून राहिले होते. मी आपली आठवून आठवून हासत होती, कोणाले समजू नये म्हून.”

मी त्यांच्या हातातल्या चष्म्याकडे पाहिले.

“चालली ना ते? बराबर चालली?”

खरे सांगणे माझे कर्तव्य होते. ते सांगितले असते, तर या बाईंच्या वडिलांचे दोन हिवाळे मी कसे संपवले, हे पाचव्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे लागले असते, कारण त्यांना कमी ऐकू येते. मी स्वतःला समजावले की ही दया आहे.

“चालली,” मी म्हणालो. “फार सुंदर चालली.”

त्यांचा चेहरा निवला. “मंग झालं. डोळे गेले तर गेले. मिरची आहे ना.” आणि कागद पुढे केला. “हे लिवा तुमीच. हासरा चेहरा कोणता? त्याले गोल करा. अन् लिवा, मिरची चांगली चालली.”

मी शेवटच्या चेहऱ्याभोवती गोल केला. ओळ लिहिली. आणि लिहिता लिहिता लक्षात आले की ती मिरची आता एकाच ठिकाणी शिल्लक आहे: माझ्यासमोर बसलेल्या पंच्याऐंशी वर्षांच्या डोक्यात. अजून वेळ होता. माझ्या खिशात वही होती. पाय किती, डोळे कसे, सलाम कोणत्या हाताने, चालताना देठ हलत होता का. हे सगळे आज विचारून घेतले, तर निदान शब्दांत, निदान एखाद्या वेड्यावाकड्या रेखाटनात तिला धरता येईल. मी वही उघडली.

“कांताबाई, तिचे पाय कसे होते?”

त्या उठता उठता थांबल्या. माझी थट्टा केल्यासारख्या हसल्या.

“मले काय विचारता जी? मी तर आठ वर्साची होती तवा. तुमी आता पाहिली ना.”

दाराशी रोशनीने हॉर्न वाजवला. कांताबाई माझ्या हाताचा आधार घेऊन उभ्या राहिल्या आणि उत्तराची वाट पाहू लागल्या.

“तुमीच सांगा न. कसे होते पाय?”