सखूबाईचं मौन

भांडण सुरू झालं पापलेटच्या पाटीवरून, पण ते खरं ओट्याचंच होतं. बोरिवलीच्या मच्छीबाजारातला तो ओटा सासूचा. सासू होती तोवर दोघी जावा आळीपाळीनं बसायच्या, एक दिवस थोरली रत्नप्रभा, एक दिवस धाकटी सखूबाई. सासू गेली आणि तेरावं व्हायच्या आत रत्नप्रभेनं परवाना आपल्या नावावर करून घेतला. तेव्हापासून सात वर्षं सखूबाई डोक्यावर पाटी घेऊन बिल्डिंगी फिरत होती. वॉचमन तिला लिफ्टमध्ये घेत नसत, मागून वास राहतो म्हणून. चार मजले चढून धापा टाकत बेल दाबली की आतली बाई दार अर्धं उघडून सांगायची, आज आमचा सोमवार.

"आठवड्यातला एक दिस तरी मना बसू दे, जाऊबाय. गुडघं गेलं माझं," सखूबाई म्हणाली.

"गुडघं गेलं तं घरात बस. धर्मा हाय ना कमवायला!"

धर्मा म्हणजे सखूचा नवरा. होडी विकल्यापासून तो दिवसभर धक्क्यावर पत्ते कुटत बसे. रत्नप्रभेला हे ठाऊक होतं, म्हणूनच ती तसं म्हणाली. घाव कुठं घालायचा हे त्या बाईला बरोबर कळायचं.

"ओटा सासूचा व्हता. तुझ्या बापानं न्हवता बांधला!"

"मी हाय तवर त्या ओट्याचं नाव काढू नको, सखू. पाटी उचल नि चालू पड."

रत्नप्रभेची पोरगी रोशनी मधे पडली. "बास ना आता, यार! आई, काकी, उद्या अमुशा हाय. दिवसभर मौन धरायचंय म्हनून आजच सगलं बोलून घेता काय?"

पोरीचं खोटं नव्हतं. पौषातल्या अवसेला कोळीवाड्यातल्या बाया सूर्य उगवायच्या आत खाडीत अंघोळ करत आणि उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत तोंड उघडत नसत. आदल्या संध्याकाळी, भांडणाच्याच दिवशी, देवळात धोंडूबाबा दरवर्षीप्रमाणे चार शब्द सांगायला बसला. हा म्हातारा उभा जन्म होड्या बांधत आला, पोथी कधी शिकला नाही, पण बोलायचा नेमकं.

"पानी कातडी धुतंय," तो म्हणाला, "नि मौन आतलं धुतंय. तोंड मिटलं नि पोटात भांडान चालूच ठेवलं, तर ते मौन नाय बायांनो, ती तोंडाची नुसती सुट्टी."

बाया हसल्या. सखूबाई हसली नाही. तिच्या पोटात ओटा होता. या गडबडीत तिची एक गोष्ट सांगायची राहून गेली. जेटीच्या कामासाठी मशीननं गाळ उपसून खाडीत, तिवरांच्या झाडीच्या कडेला मोठा खड्डा केला होता. कालवं फोडायला ती त्या बाजूला जायची, म्हणून तिला ठाऊक. काठी घालून पाहिली तर तळ लागला नव्हता. खुणेला लावलेला बांबू परवाच्या भरतीनं नेला, तेही तिनंच पाहिलं होतं.

पहाटे ओहोटीनं पाणी लांब गेलं होतं आणि खाडीवर दाट धुकं होतं. बाया मुक्यानं चिखल तुडवत पाण्याकडे निघाल्या. बाकीच्या जुन्या धक्क्याच्या सरळ रेषेत उतरल्या. रत्नप्रभेला दहा जणींच्या अंगाचं पाणी चालायचं नाही, ती नेहमी बाजूला जायची. थोरलीच्या मागून धाकटीनं जायचं ही घरची रीत, म्हणून सखूबाईही मागून निघाली. दहा पावलं गेल्यावर सखूच्या ध्यानात आलं, ही बाई तिवरांकडे चालली आहे.

एक शब्द पुरला असता. बोलण्यानं मौन मोडलं तर पुन्हा तीन बुड्या मारायच्या, एवढाच दंड होता, आणि अंघोळ तर अजून व्हायचीच होती. तेही नको तर पदर ओढायचा, हात धरायचा. रत्नप्रभा जेमतेम तीन हातांवर होती. सखूबाईनं हात उचललासुद्धा. मग तिला अर्धं उघडलेलं दार दिसलं, त्यातून बोलणारी बाई दिसली, आणि ओट्यावर मांडी घालून बसलेली जाऊ दिसली. तिनं हात खाली घेतला आणि दुसऱ्या हाताला जोडला. असं करणारी बाई वाईटच, दुसरा शब्द नाही. पण त्या घडीला तिला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगा.

रत्नप्रभा गेली ती एकदम छातीपर्यंत. नऊवारीत गाळ भरला. ती फिरली, सखूकडे बघितलं आणि मौन मोडलं.

"सखू! हात दे गं, सखू!"

सखूबाई डोळे मिटून उभी राहिली. दुसरी हाक अर्धीच आली.

धुक्यातून नुसता आवाज ऐकून, शब्द न कळता बाया धावत आल्या तेव्हा सखूबाई कमरेएवढ्या पाण्यात हात जोडून उभी होती. दोर आणून, माणसं बोलावून रत्नप्रभेला काढलं तोवर सूर्य वर आला होता. मढं अंगणात आणलं तरी सखूबाई बोलली नाही. दिवे लागल्यावरच तिनं पहिला हंबरडा फोडला, आणि तो इतका मोठा होता की आख्ख्या वाड्याचे डोळे भरून आले.

मग वाडा बोलू लागला. थोरलीनं मौन मोडलं म्हणून खाडीनं तिला घेतलं, धाकटीनं पाळलं म्हणून ती काठाला लागली. तीन बुड्यांचा दंड कुणालाच आठवला नाही. महिन्याभरानं देवळात सखूबाईला साडीचोळी केली, आणि नारळ रोशनीच्या हातून दिला. धोंडूबाबानं नारळ देताना पाहिलं आणि उठून घरी गेला.

ओटा सखूबाईलाच मिळाला, घरात दुसरी जाणती बाई होती कोण? रोशनी कॉलेज सोडून तिच्या हाताखाली मासे साफ करायला बसू लागली. चौथ्या दिवशी कोलंबी सोलता सोलता पोरीनं मान वर न करता विचारलं,

"काकी, सगल्या बोलतात आईनं हाक मारली. कोनाला मारली गं?"

सखूबाईनं सुरमईचा तुकडा पाडला. दुसरा पाडला.

"देवाला, बाय."

रोशनीचा चेहरा निवळला. "मंग मौन मोडलं असं नाय होत ना? देवाला हाक मारली तं चालतंय ना, काकी?"

"चालतंय."

पोरगी डोळे पुसून काकीच्या गुडघ्याला टेकून बसली. समोर गिऱ्हाईक उभं राहिलं, सुरमई कशी म्हणून विचारू लागलं. सखूबाईनं भाव सांगितला. आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला.