कोयंडा नसलेली कडी

मी कडी. पांढरकवड्यात बसस्टँडच्या मागे एक तीन मजली इमारत आहे. तिच्या खालच्या लोखंडी दाराला मी आतून बसवलेली आहे. रस्त्यावरच्या माणसाला मी दिसत नाही, पण इथं राहणाऱ्यांच्या हातांना मी पाठ होते.

रामलाल मिस्त्रीनं मला स्लॅबच्या उरलेल्या गजातून घडवलं. बसवताना मात्र माझा कोयंडा जरा तिरपा लागला. त्यामुळे बाहेरून येणाऱ्यानं गजांमधून हात घालायचा, दार आपल्याकडे ओढायचं आणि मग मला उचलायचं. नवा माणूस नुसताच हिसका द्यायचा. मी हलायची नाही. मग वरून कोणीतरी ओरडायचं, "अहो, दार वढा आधी!" ज्याला हे जमलं, तो या घरचा झाला.

केवढे हात यायचे माझ्याकडे. दूधवाल्याचा ओला, शाळेतून आलेल्या पोरांचा शाईचा, वरच्या मजल्यावरच्या शुभदाताईंचा कणकेचा. सगळ्यांत हळुवार हात तळमजल्यावरच्या तुळसाबाईंचा. सारी हयात मारेगावकडे कापूस वेचण्यात गेलेला तो हात. मुलानं, अश्वजितनं, इथं घर घेतलं तेव्हा त्या आल्या. रोज सकाळी बुद्धविहारात जायच्या, परत यायच्या आणि मला म्हणायच्या, "उघड वं बाई, आली मी."

अलीकडे त्या विसरू लागल्या होत्या. कधी दूध उतू जायचं, कधी नातीला भाचीच्या नावानं हाक मारायच्या. विहाराची वाट आणि माझी जागा मात्र त्यांच्या पायांना नि हाताला ठाऊक होती.

मागच्या उन्हाळ्यात भरदिवसा जिन्याखालून शुभदाताईंचं भरलेलं सिलिंडर गेलं. नेणाऱ्यालाही दार ओढायची युक्ती कळली होती. मग साऱ्यांनी ठरवलं, आता मशीन बसवायचं. यवतमाळहून मशीनवाला आला आणि जिन्याखालच्या टेबलावर त्यानं डबे मांडले. एक अंगठ्याचं, एक आकडे दाबायचं, एक नुसता बिल्ला जवळ नेला की उघडणारं.

कचेरीतून निवृत्त झालेले मधुसूदनकाका म्हणाले, "अंगठ्याचंच घ्या. अंगठा काही कोणी घरी विसरत नाही."

सगळ्यांचे अंगठे लागले. तुळसाबाईंनी पदराला पुसून पुसून अंगठा ठेवला. मशीन प्रत्येक वेळी लाल झालं.

"रेशनच्या दुकानातबी असंच करते ते," त्या हसून म्हणाल्या. "माह्या रेघा कपाशीनं नेल्या, बाप्पा."

"मग आकडे. चारच तर आहेत, तुळसाबाई."

"काका, मले सकाळी काय जेवली ते सांगता येत नाही, अन् तुम्ही आकडे सांगून राह्यले."

"बिल्लासुद्धा त्या कुठंतरी ठेवून देतील," मधुसूदनकाका अश्वजितला म्हणाले.

अश्वजित खाली बघत म्हणाला, "माय, असं कर. तू एकटी जाऊच नको. मी सुट्टीच्या दिवशी नेत जाईन तुले विहारात."

तुळसाबाईंनी अंगठा पुन्हा एकदा पदराला पुसला. मग म्हणाल्या, "म्हंजे मशीन माह्याचसाठी आणलं म्हना. चोराले बाहेर ठेवाले, अन् मले आत."

अश्वजितनं मान वर केली नाही. तुळसाबाई उठल्या आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसल्या. जाताना दार ओढून घेतलं, तशी मी आपोआप कोयंड्यात पडले. थोड्या वेळानं ऊन आलं तेव्हा त्या परत दाराशी आल्या. गजांमधून हात घातला, दार ओढलं, मला उचललं. रागातसुद्धा हात चुकला नाही.

शुभदाताई ते बघत होत्या. मशीनवाल्याला म्हणाल्या, "दादा, हा डबा आतून बसतो का? त्या कडीच्या अगदी शेजारी?"

"बसते ना. काहून?"

"बिल्ला त्यांच्या मनगटाला बांधू. हात जिथं जातो, तिथंच मशीन ठेवू."

अश्वजितनं तेव्हा कुठं आईकडे पाहिलं.

तसंच झालं. माझ्या शेजारी बिल्ल्याचा डबा बसला, बाहेर अंगठ्याचा. तुळसाबाईंच्या मनगटावर विहारातल्या परित्राण पाठाचा पांढरा दोरा असतो. त्याच्या शेजारी आता कापडात शिवलेला बिल्ला आहे. दार धरून ठेवायला वर चुंबक आलं. माझा कोयंडा काढून टाकला. मधुसूदनकाका मलाही काढा म्हणत होते, बरं दिसत नाही म्हणून. अश्वजित म्हणाला, "राहू द्या, काका."

आता बाकीचे सगळे बाहेरच्या डब्याला अंगठा लावतात आणि आत येतात. माझ्याकडे कोणाचा हात येत नाही. शाळेतून पोरं आली की मी अजून सवयीनं वाट बघते. लाइन गेली की क्षणभर वाटतं, आता मला हाक मारतील. पण बॅटरी असते.

फक्त सकाळी तुळसाबाई येतात. हात आत घालतात, दार ओढतात, मला उचलतात. बिल्ला डब्याजवळ येतो, वर टक् होतं आणि दार सुटतं. त्या मला थोपटतात. म्हणतात, "माह्यासारखीच म्हातारी झाली तू, पर काम नाही सोडलं."

मी काहीच केलेलं नसतं. हे त्यांना कधी कळू नये, एवढंच मला वाटतं.

बिजागरीला तेल घालाल तेव्हा एक थेंब माझ्यावरही सोडा. त्या हाताला मी जड लागायला नको. आणि तो हात येतोय तोवर मला काढू नका. नंतर काय करायचं ते करा. नंतर मी कोणाची वाट बघणार?