आधीची प्रत

गुन्हा तुमचा आहे. तुम्ही मला जिवापाड सांभाळलंत, पण एकदाही उघडून पाहिलं नाहीत.

मी रक्तपेढीच्या खणातली काळी हार्ड डिस्क बोलतेय. तळहाताएवढी. शेजारी स्टेपलर आणि आटलेलं शाईपॅड. रक्तदात्यांची नवी यादी संगणकात चढवण्याआधी जुनीची प्रत माझ्यात ठेवायची, एवढंच माझं काम. त्या प्रतीचं नाव कायम एकच: ‘आधीची’. माझ्याच भरवशावर कागदी फॉर्म रद्दीत गेले.

यादी सांभाळणाऱ्या बाई ताकसुद्धा फुंकून पिणाऱ्या. त्या मंगळवारी सकाळी त्यांनी प्रत घेतली, मग नवी यादी चढवली. त्या यादीत कुणीतरी रक्तगटांचा रकाना तेवढा अक्षरांच्या क्रमाने लावला होता. नावं जागच्या जागी. अकरा हजार माणसांचं रक्त बदललं, कुणाला पत्ता नाही.

बाईंना चैन पडेना. “असू दे आणखी एक हाताशी,” म्हणत त्यांनी पुन्हा प्रत घेतली, या वेळी नव्या यादीची. नाव सवयीचंच. ‘जुनी पुसू का?’ संगणकाने विचारलं. त्यांनी न वाचता ‘हो’ दाबलं.

पुसलं जाताना दुखत नाही. काहीच होत नाही.

दुपारी वरच्या मजल्यावरून निरोप आला: बाळंतिणीला ओ निगेटिव्ह हवंय, दोन तासांत. रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाने यादीतल्या पहिल्या ओ निगेटिव्ह दात्याला फोन लावला.

“अहो, माझं बी पॉझिटिव्ह आहे. बायकोला विचारा हवं तर!”

तंत्रज्ञ हसला. तिसऱ्या फोनला हसू विरलं.

“बाई, घोळ झालाय. पण ‘आधीची’ आहे ना?”

“आहे तर!”

त्यांनी मला जोडलं. माझ्यात होतं ते मी इमानाने ओतलं. तोच घोळ.

मग दोघं फोन करत सुटले. “तुमचा रक्तगट आठवतो का हो?” एकशे चौदाव्या फोनवर ओ निगेटिव्हवाला एक बसचालक सापडला. तो आला तेव्हा वीस मिनिटं उरली होती.

मी अजून त्याच खणात आहे. प्रतीच्या नावात तारीख-वेळ लिहा. गरज पडायच्या आधी एकदा उघडून, परत ओतून बघा. वाईट वाटतंय म्हणून नाही सांगत. मला वाटत काहीच नाही.

त्या दुपारी बाही वर सारत बसचालक बाईंना म्हणाला, “मागच्या खेपेला तुम्हीच लिहून घेतलं होतंत की. वर म्हणालात, आता पुन्हा सांगावं लागणार नाही.”