शेपटीची पैज

होबार्टच्या त्या प्रयोगशाळेत सकाळच्या चहाचे कप एकोणीस वर्षं मोरीनच विसळत आली होती. हे काम तिने मागून घेतलं नव्हतं. बाकीच्यांना सिंक दिसतच नसे, त्याला ती काय करणार! म्हणून साहेबाने, म्हणजे रॉडने, मी रोज गार समुद्रात पोहतो, माझ्या पेशी तुझ्यापेक्षा लवकर सावरतात, अशी फुशारकी मारली, तेव्हा तिने पैजच लावली. हरेल त्याने वर्षभर कप विसळायचे.

दोघांनी रक्त दिलं. पेरॉक्साइडचा चटका बसला की पेशीतला डीएनए तुटतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यामागे धूमकेतूसारखी शेपटी दिसते. ऊब मिळाली की पेशी तुटलेलं आपलं आपण सांधते, शेपटी आखडते. बर्फात मात्र सगळं काम ठप्प. नळ्यांवर आकडे टाकले सहकारी लोसालिनीने, आणि कोणता आकडा कोणाचा ती चिठ्ठी कुलपात ठेवली. हा नियम खुद्द रॉडचाच. चटका देऊन दोन्ही नळ्या बर्फात गेल्या. चहा झाल्यावर दोन्हींना दहाच मिनिटं ऊब द्यायची होती.

चहाला रॉडने केक डाव्या हाताने उचलला. उजवा हात अंगाला घट्ट चिकटलेला, काखेत गळू झाल्यासारखा. मोरीनला शंका आली. हळूच जाऊन बर्फाची पेटी बघते तर एक नंबरची नळी गायब! मेला काखेत ऊब देत बसलाय! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणखी वर्षभर ते चिकट कप. परत येऊन ती तोंड उघडणार, तोच लोसालिनीने टेबलाखाली तिचा पाय दाबला.

दुपारी निकाल लागला. दोन नंबरच्या शेपट्या लांबच लांब, एक नंबरला शेपटी औषधालाही नाही. रॉडने लगेच जिंकल्याचं जाहीर केलं.

"एक नंबर तुझा, हे तुला कोणी सांगितलं?" लोसालिनीने विचारलं.

संस्थेच्या प्रत्येक यादीत रॉडचं नाव पहिलं. नळीही पहिली आपलीच, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

चिठ्ठी उघडली. एक नंबर मोरीनचा होता.

मोरीनने सिंकवरचे पिवळे हातमोजे त्याच्यापुढे धरले.

"माझ्या पेशींना आईच्या मायेने काखेत घेऊन बसलास, रॉड, फार उपकार झाले. आता कपही तसेच मायेने धू."